मेंदूतील शल्य : विद्युत् अग्रांच्या जैवसुसंगततेचा इतिहास

१

'शल्य' हा शब्द आज मराठीत बहुधा मनाला सलणाऱ्या दुःखासाठी योजला जातो. परंतु शरीरात शिरलेली आणि तेथेच राहिलेली परकी वस्तू हा त्याचा जुना अर्थ होय. बाणाचे टोक, काटा, हाडाचा कपचा ही सारी शल्ये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्याचा स्वतंत्र विचार केलेला असून, सोने, रुपे, तांबे इत्यादी धातूंची शल्ये काळाने शरीरात विरतात. शिंग, दात, लाकूड, दगड यांची मात्र विरत नाहीत, असा भेद तेथे सांगितला आहे. या भेदात आधुनिक विज्ञानाचे बीज शोधण्याचा मोह आवरावयास हवा. सोने शरीरात विरत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. तथापि हा शब्द एका दृष्टीने मोलाचा आहे. वस्तूने केलेली जखम आणि आत राहिलेली वस्तू या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे तो आपल्या ध्यानात आणून देतो. व्रण भरून येतो. शल्य मात्र सलत राहते.

मेंदूत दीर्घकाळ ठेवावयाच्या विद्युत् अग्रांचा इतिहास म्हणजे या दोहोंतील भेद हळूहळू, आणि एकाहून अधिक वेळा, उमगण्याचा इतिहास होय. मेंदूच्या ऊतकाने विद्युत् अग्राला सामावून घ्यावे यासाठी गेल्या शतकात जे प्रयत्न झाले, त्यांत दोषाचे मूळ प्रथम धातूत, नंतर विद्युत्प्रवाहात, पुढे आकारात आणि शेवटी कठिणपणात शोधले गेले. प्रत्येक पिढीला खरा अपराधी सापडला असे वाटले, आणि प्रत्येक पिढी अंशतः बरोबरही होती. प्रस्तुत निबंधाचा हेतू या शोधाचा क्रम मांडणे एवढाच नाही. 'जैवसुसंगत' हे विशेषण एखाद्या पदार्थाला कायमचे चिकटविता येते, ही जी समजूत पाठ्यपुस्तकांतून अद्यापि आढळते, ती या इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही, हे दाखविणे हाही त्याचा हेतू आहे.

२

मेंदूला विद्युत् अग्राचा स्पर्श करण्याच्या शास्त्रीय परंपरेचा आरंभ सामान्यतः १८७० पासून धरला जातो. त्या वर्षी गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ट हिट्झिग या बर्लिनमधील दोघा संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूच्या बाह्यकास प्लॅटिनमच्या तारांनी सौम्य प्रवाह देऊन विरुद्ध बाजूच्या स्नायूंत हालचाली घडवून आणल्या. जिभेच्या टोकाला जेमतेम जाणवेल इतकाच प्रवाह पुरे होतो, असे प्रवाहाचे माप त्यांनी ठरविले होते. प्रयोग काही तासांत संपत असे आणि त्याबरोबर प्राणीही. त्यामुळे तारेचा मेंदूवर पुढे काय परिणाम होईल, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मनुष्याच्या बाबतीत तो प्रश्न चारच वर्षांनी उद्भवला, आणि तोही दुःखद रीतीने. १८७४ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथील रॉबर्ट्स बार्थोलो या वैद्याने कर्करोगामुळे कवटीचे हाड झिजून मेंदू उघडा पडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत विद्युत्-निरोधक आवरण असलेल्या सुया खुपसून प्रवाह दिला. प्रवाह वाढविताच तिला झटके आले आणि काही दिवसांत ती मरण पावली. शवविच्छेदनात सुयांचे मार्ग ओळखता आले. त्या मार्गांवर मेंदूचे द्रव्य मऊ पडून विरघळल्यासारखे झाले होते. या प्रयोगाचा वैद्यकीय जगात तीव्र निषेध झाला आणि बार्थोलोला खेद व्यक्त करावा लागला. चर्चेचा रोख नीतीवर होता आणि तो योग्यच होता. परंतु सुईच्या मार्गाचे ते वर्णन म्हणजे मनुष्याच्या मेंदूने विद्युत् अग्राला दिलेल्या उत्तराच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी एक होय, हेही इतिहासकाराने विसरू नये.

३

विद्युत् अग्र मेंदूत ठेवून प्राण्यास हिंडूफिरू देणे ही कल्पना झ्यूरिचच्या वाल्टर रुडोल्फ हेस यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पद्धतशीरपणे अमलात आणली. मांजराच्या मध्यवर्ती मेंदूत त्यांनी अतिशय बारीक, टोकाखेरीज सर्वत्र आवरण असलेल्या धातूच्या सुया बसविल्या आणि जाग्या, मोकळ्या प्राण्याच्या वर्तनाचे निरीक्षण केले. १९४९ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्याबद्दल मिळाले. अग्राचे टोक नेमके कोठे होते हे ठरविण्यासाठी नंतर मेंदूचे छेद घ्यावे लागत. सुईने मागे ठेवलेली खूण ही अशा रीतीने प्रथम स्थाननिश्चितीची सोय म्हणून अभ्यासली गेली. तिच्याकडे व्याधी म्हणून पाहण्याची दृष्टी दुसऱ्याच क्षेत्रातून आली.

ते क्षेत्र म्हणजे मेंदूतील आधारपेशींचा अभ्यास. रुडोल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ज्या द्रव्यास 'न्यूरोग्लिया', म्हणजे मज्जापेशींना चिकटवून ठेवणारा सरस, असे नाव दिले, त्यात वेगवेगळ्या कुळांच्या पेशी आहेत हे पुढे स्पॅनिश संशोधकांनी दाखवून दिले. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सुवर्णाच्या क्षाराने तारकापेशी रंगविल्या. त्यांच्या परंपरेतील पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये रुप्याच्या क्षाराच्या साहाय्याने सूक्ष्मग्लाया ही निराळीच पेशी उघड केली. इजा होताच ही पेशी आपले फाटे आखडून घेते, गोल होते आणि मृत द्रव्य भक्षण करू लागते, असे त्यांना आढळले.

१९२४ मध्ये वाइल्डर पेनफील्ड हे तरुण शल्यचिकित्सक ही रंगपद्धती शिकण्यासाठी माद्रिदला गेले. डोक्याच्या जखमेनंतर मेंदूत जो वण राहतो, तो आकसतो आणि त्यातून अपस्माराचे झटके उद्भवतात, असा त्यांचा तर्क होता. देल रिओ-ओर्तेगा आणि पेनफील्ड यांचा मेंदूतील वणावरील निबंध १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९२८ मध्ये पेनफील्ड व बकली यांनी मेंदूतील छिद्रांवरील आपला अभ्यास मांडला. त्यांची तुलना साधी परंतु मार्मिक होती. पोकळ सुईने मेंदूचा गाभा काढून घेतला तर मागे राहणारा वण लहान असतो. बोथट, भरीव सुईने ऊतक चिरडून तेथेच सोडले तर वण मोठा होतो आणि आकसतो. काढून घेतलेल्या द्रव्यापेक्षा मागे राहिलेले मृत द्रव्य अधिक उपद्रवी ठरते, हे यातून दिसून आले. विद्युत् अग्रांचा येथे उल्लेखही नव्हता; परंतु त्यांच्या इतिहासातील कळीचा प्रश्न, म्हणजे मागे काय राहते हा प्रश्न, येथे प्रथम प्रयोगाच्या भाषेत विचारला गेला.

४

१९५० नंतर अपस्माराचे मूळ शोधण्यासाठी मनुष्याच्या मेंदूत खोलवर तारा बसवून त्या काही दिवस वा आठवडे ठेवण्याची प्रथा अमेरिकेत आणि युरोपात सुरू झाली. आता धातूची निवड ही केवळ प्रयोगशाळेची बाब राहिली नाही. विद्युत्-मापनाच्या दृष्टीने चांदी सर्वांत सोयीची होती, कारण क्लोराइडाचा थर दिलेली चांदी स्थिर विभव देते आणि मंद संकेत विकृत होऊ देत नाही. परंतु मेयो क्लिनिकमधील फिशर, सेअर आणि बिकफर्ड यांनी १९५७ मध्ये मांजराच्या मेंदूतील निरनिराळ्या तारांभोवतीच्या ऊतकाचे छेद तपासले, तेव्हा चांदी आणि तांबे यांच्याभोवती तीव्र प्रतिक्रिया आढळली. पुढील अभ्यासांनी, विशेषतः डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये व स्टेन्सास द्वयाने १९७८ मध्ये केलेल्या पाहणीने, हा निष्कर्ष दृढ केला. प्लॅटिनम, त्याचे काही मिश्रधातू आणि टंगस्टन यांना मेंदू बराचसा सहन करतो. चांदी, तांबे, कोबाल्ट यांना तो सहन करीत नाही.

याचे कारण रासायनिक आहे. मेंदूतील द्रव हा मुळात मिठाचे पाणी होय. त्यात चांदीचे आणि तांब्याचे अणू आयनरूपाने विरघळतात, आसपास पसरतात आणि पेशींतील प्रथिनांशी संयोग पावून त्यांचे कार्य बंद पाडतात. प्लॅटिनमचे तसे होत नाही. ज्या रुप्याच्या क्षाराने सूक्ष्मग्लाया डोळ्यांना दिसू लागली, तेच रुपे तारेच्या रूपाने तिला चेतविते, हा योगायोग नव्हे. ऊतकाशी चटकन संयोग पावणे हा त्याचा एकच गुण दोन्हीकडे काम करीत असतो.

येथवर प्रश्न धातूचा होता, आणि तो सुटल्यासारखा वाटला. परंतु त्याच १९५७ साली येल विद्यापीठातील कोलिआस व मॅन्युएलिडिस यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता, त्याकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मांजराच्या मेंदूत बसविलेल्या अग्रांभोवती होणारे बदल त्यांनी काळाच्या क्रमाने नोंदविले: प्रथम रक्तस्राव आणि मृत ऊतक, मग भक्षकपेशींची गर्दी, आणि अखेर अग्राभोवती बनणारे वेष्टन. या बदलांची तुलना त्यांनी मनुष्याच्या व प्राण्यांच्या मेंदूतील साध्या छिद्रव्रणांशी केली. व्रण कोणता आणि शल्याचा परिणाम कोणता हे वेगळे काढावयाचे असेल, तर अशा तुलनेवाचून गत्यंतर नाही. पुढील अनेक वर्षे धातूंची प्रतवारी लावण्याचे काम जोमाने चालले. ही तुलना मात्र मागे पडली.

५

दुसरा आरोपी विद्युत्प्रवाह. एकाच दिशेने वाहणारे स्पंद दीर्घकाळ दिले तर उत्तम धातूच्या अग्राखालचे ऊतकही जळल्यासारखे होते, हा अनुभव जुना होता. १९५५ मध्ये जॉन लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर तोड सुचविली. प्रत्येक स्पंदामागोमाग तितक्याच भाराचा उलट स्पंद दिला, म्हणजे आत गेलेला भार परत काढून घेतला, तर मेंदूला इजा न होता दीर्घकाळ उद्दीपन करता येते.

धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. मेंदूच्या द्रवात आयन वाहतात. धातू आणि द्रव यांच्या सीमेवर एकाचे दुसऱ्यात रूपांतर व्हावे लागते. भार अल्प असेल तर हे रूपांतर उलटविता येते. मर्यादा ओलांडली की पाण्याचे विघटन होते, आम्लता बदलते, क्लोरीनची संयुगे बनतात आणि प्लॅटिनमही विरघळू लागते. ब्रमर व टर्नर यांनी १९७० नंतरच्या दशकात प्लॅटिनमच्या या मर्यादांचे मापन केले. १९८३ मध्ये रॉब्ली, लेफ्को व ब्रमर यांनी इरिडियमवर त्याच्याच ऑक्साइडाचा थर वाढवून तितक्याच क्षेत्रफळातून पुष्कळ अधिक भार सुरक्षितपणे देता येतो असे दाखविले. हा थर आपली संयुजा बदलून भार साठवितो आणि परत करतो. पुढे मॅक्रीरी व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये असे सिद्ध केले, की इजा केवळ भाराच्या घनतेवर किंवा केवळ एकूण भारावर अवलंबून नसून दोहोंच्या संयोगावर अवलंबून असते. शॅनन यांनी १९९२ मध्ये हा संबंध एका सुटसुटीत समीकरणात बांधला.

या ज्ञानाचे फळ रुग्णांच्या पदरात पडले ते ग्रनोब्लमध्ये. १९८७ मध्ये अलीम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपाच्या रुग्णांत खोल मेंदूस सतत, जलद उद्दीपन देण्याची पद्धती प्रस्थापित केली. आज जगभर वापरात असलेल्या या जातीच्या अग्राचा नेहमीचा नमुना १.२७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावर प्लॅटिनम-इरिडियमच्या चार कड्या असतात. सूक्ष्म अग्रांच्या मानाने तो जणू वासाच म्हणावयाचा. तरीही अशा रुग्णांच्या मरणोत्तर तपासण्यांत, २००० मध्ये हाबर्लर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीतही, अग्राभोवती सौम्य वण याखेरीज विशेष हानी आढळली नाही.

६

याच सुमारास शब्दाच्या अर्थातही बदल घडत होता. जैवसुसंगत पदार्थ म्हणजे शरीराने ज्याची दखलच घेऊ नये असा निष्क्रिय पदार्थ, अशी जुनी कल्पना होती. १९८६ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर येथे भरलेल्या परिषदेत डेव्हिड विल्यम्स यांच्या पुढाकाराने जी व्याख्या मान्य झाली, तिचा आशय असा: विशिष्ट उपयोगात, शरीराची प्रतिक्रिया उचित राहून, आपले कार्य करण्याची पदार्थाची क्षमता म्हणजे जैवसुसंगतता. 'विशिष्ट उपयोगात' आणि 'उचित' हे दोन शब्द येथे निर्णायक आहेत. प्रतिक्रिया नसावी असे ही व्याख्या म्हणत नाही. ती कार्याला बाधक नसावी, एवढेच म्हणते.

ही व्याख्या केवळ शब्दच्छल नव्हे, याचा पुरावा मेंदूतच मिळाला. बेनाबिद यांच्या अग्राचे काम बोलण्याचे आहे. त्याचा प्रवाह काही मिलिमीटर प्रदेशात पोहोचतो, आणि मध्ये वणाचा पातळ पापुद्रा आला तर प्रवाह किंचित वाढविला की भागते. ज्या अग्राचे काम ऐकण्याचे आहे, म्हणजे एकेका मज्जापेशीचा संकेत टिपावयाचा आहे, त्याची गोष्ट निराळी. अशा पेशीचा संकेत सुमारे १०० ते १५० मायक्रोमीटर अंतरापलीकडे गोंगाटात बुडून जातो. तेवढ्या अंतरातील पेशी मेल्या अथवा दूर सरल्या, तर अग्र रासायनिक दृष्ट्या निर्दोष असूनही निरुपयोगी ठरते. एकच पापुद्रा एका उपयोगात क्षम्य आणि दुसऱ्या उपयोगात घातक होतो.

७

ऐकणाऱ्या अग्रांची परंपरा टंगस्टनच्या सूक्ष्म सुयांपासून सुरू होते; डेव्हिड ह्यूबल यांनी १९५७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७० मध्ये वाइझ, अँजेल व स्टार यांनी सिलिकॉनवरील सूक्ष्म मंडलांचे तंत्र अग्रांसाठी वापरले. १९९१ मध्ये युटा विद्यापीठातील रिचर्ड नॉर्मन यांच्या गटाने सिलिकॉनच्या १०० सुयांची, प्रत्येकी दीड मिलिमीटर उंचीची, ४०० मायक्रोमीटर अंतरावर रचलेली फणी वर्णिली. ती हळू दाबली तर मेंदू खाली दबतो आणि सुया आत शिरत नाहीत. म्हणून हवेच्या दाबाच्या ठोक्याने ती क्षणार्धात बसविण्याची युक्ती रूश व नॉर्मन यांनी १९९२ मध्ये सांगितली. २००४ मध्ये अशी फणी हातपाय लुळे पडलेल्या एका मनुष्याच्या मेंदूत बसविण्यात आली, आणि केवळ विचाराने संगणकावरील खूण हलविणे त्याला साधले. हा वृत्तांत २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

परंतु प्राण्यांतील अनुभव असा होता, की आठवडे वा महिने लोटले म्हणजे पुष्कळ सुयांचे संकेत क्षीण होत जातात. धातू निवडलेला होता, टिपणाऱ्या अग्रातून प्रवाहही जात नव्हता. मग दोष कोणाचा? येथे जुनी तुलना नव्याने अवतरली. टर्नर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले, की सिलिकॉनच्या सुईभोवती तारकापेशींचे वेष्टन प्रथम सैल असते आणि सहा आठवड्यांत दाट होते. त्याच गटाच्या २००३ मधील अभ्यासात (प्रथम नाव झारोव्स्की) प्रतिक्रियेचे दोन टप्पे वेगळे करण्यात आले. आरंभीची प्रतिक्रिया सुईच्या आकारमानाप्रमाणे कमीअधिक होते; नंतरची, टिकून राहणारी प्रतिक्रिया आकारमानावर फारशी अवलंबून नसते. सुई खुपसून लगेच काढून घेतली, तर पहिलाच टप्पा दिसतो. दुसरा दिसत नाही.

२००५ मध्ये बिरान, मार्टिन व ट्रेस्को यांनी याला पेशींच्या मोजणीची जोड दिली. उंदरांच्या मेंदूत चार आठवडे राहिलेल्या अग्राच्या १०० मायक्रोमीटर परिघात सुमारे ४० टक्के मज्जापेशी नाहीशा झाल्या होत्या. नुसत्या भोसकव्रणात तशी हानी आढळली नाही. बाहेर काढलेल्या अग्रांना चिकटून आलेल्या भक्षकपेशी संवर्धनात ठेवल्या, तेव्हा दाह वाढविणारी प्रथिने त्या स्रवत असल्याचे दिसले. याचा अर्थ असा, की चार आठवड्यांनंतरचा दाह हा जखमेचा अवशेष नव्हता. तो अग्राच्या उपस्थितीने रोज नव्याने पेटत होता. पेनफील्ड व बकली यांच्या काळी जो प्रश्न मृत ऊतकाविषयी होता, तो आता अमर वस्तूविषयी विचारला गेला. भक्षकपेशीला मृत ऊतक पचविता येते. सिलिकॉन पचविता येत नाही, म्हणून ती तेथून हलतही नाही.

८

उपस्थिती हाच दोष ठरला, तर उपाय कोणता? अग्र काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्यामुळे उपस्थितीचे घटक वेगळे करण्याकडे संशोधन वळले.

पहिला घटक रक्तवाहिन्यांचा. मेंदूच्या बाह्यकात केशवाहिन्या परस्परांपासून सरासरी सुमारे ४० मायक्रोमीटरवर असतात. तेव्हा त्यांना न तोडता सुई आत घालणे जवळजवळ अशक्य होय. वाहिनी तुटली की रक्त आणि मेंदू यांमधील रोध भंगतो आणि रक्तातील प्रथिने ऊतकात येऊन सूक्ष्मग्लायेला चेतवितात. जिवंत मेंदूत या पेशींचे फाटे स्वस्थ अवस्थेतही सतत हलत, चाचपडत असतात आणि इजा होताच काही मिनिटांत तिकडे वळतात, हे २००५ मध्ये निमरयान व सहकाऱ्यांनी आणि दावालोस व सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. यास्तव 'विश्रांत' सूक्ष्मग्लाया हा जुना शब्दप्रयोग सोडून द्यावा लागला.

दुसरा घटक कठिणपणाचा. मेंदूची प्रत्यास्थता काही किलोपास्कल, तर सिलिकॉनची सुमारे १७० गिगापास्कल आहे. अंतर कोट्यवधी पटींचे. श्वासाबरोबर आणि नाडीबरोबर मेंदू कवटीत किंचित हलत असतो, आणि कवटीला बांधलेली कठीण सुई त्या प्रत्येक हालचालीत ऊतकाला घासते. परंतु मऊ अग्र आत शिरत नाही, वाकते. या पेचातून निघण्याचा एक मार्ग समुद्रकाकडीने दाखविला. तिची त्वचा गरजेप्रमाणे ताठ वा मऊ होते. त्या धर्तीवर, पाण्यात भिजताच मऊ पडणारा संमिश्र पदार्थ कॅपडोना, वेडर आदींनी २००८ मध्ये वर्णिला. तिसरा घटक जाडीचा. २०१२ मध्ये कोझाई व सहकाऱ्यांनी ७ मायक्रोमीटर जाडीच्या कार्बनतंतूचे अग्र बनविले. २०१७ मध्ये टेक्सासमधील लुआन, शी आदींनी सुमारे एक मायक्रोमीटर जाडीच्या लवचीक पट्ट्यांभोवती वण बनला नसल्याचे प्रसिद्ध केले. अशा पट्ट्या आत नेण्यासाठी ताठ वाहक वापरून नंतर तो काढून घ्यावा लागतो. याखेरीज डेक्सामेथासोन हे दाहशामक अग्रावरून झिरपविणे, लॅमिनिनसारख्या ऊतकातीलच प्रथिनांचा लेप देणे, वाहक बहुवारिकांनी अग्राचा विद्युत्-विरोध घटविणे, असे अनेक प्रयत्न झाले. त्यांतील बहुतेकांनी आरंभीची प्रतिक्रिया कमी केली. वर्षानुवर्षे टिकणारे यश सिद्ध करणे मात्र कठीण गेले. मऊ अग्रांचेही स्वतःचे दोष आहेत. न्यूरालिंक या कंपनीने २०२४ च्या जानेवारीत एका मनुष्याच्या मेंदूत बसविलेल्या लवचीक तंतूंपैकी काही तंतू मागे सरकले, असे त्या कंपनीनेच त्याच वर्षी जाहीर केले. ऊतकाला न घासणारी वस्तू ऊतकाला घट्ट धरूनही राहत नाही.

९

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक वाटतात. पहिली अशी, की अग्र निकामी झाले म्हणजे मेंदूनेच त्याला नाकारले, असे गृहीत धरू नये. बॅरीस, डोनोह्यू व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २७ माकडांत बसविलेल्या ७८ फण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अपयशाची सर्वाधिक कारणे यांत्रिक निघाली, आणि त्यांतील बहुतेक कवटीवरच्या जोडणीची होती. जैविक कारणांत मेंदूतल्या वणापेक्षा मेंदूच्या वेष्टनांची वाढ ठळक होती. ही वाढ फणीला वेढून वर उचलून काढते. उलट बाजूने, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पाच वर्षांपूर्वी बसविलेल्या फणीच्या आधारे एका पक्षाघातग्रस्त स्त्रीने यंत्राचा हात चालवून स्वतः कॉफीचा घोट घेतला. त्या पाच वर्षांत काही संकेत क्षीण झाले असतील. परंतु उरले तेवढे त्या कार्याला पुरले. उचितपणाचे माप छेदावरील रंगाच्या गडदपणात नसून कार्यात आहे, हे चेस्टरच्या व्याख्येचे म्हणणे या घटनेने खरे केले.

दुसरी सूचना वणाविषयी. वण हा केवळ शत्रू, ही समजूतही टिकली नाही. अँडरसन, सोफ्रोन्यू व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांच्या पृष्ठरज्जूत दाखविले, की तारकापेशींचा वण बनूच दिला नाही, तर मज्जातंतूंची वाढ सुधारत नाही. किंबहुना तो वण त्या वाढीला साहाय्य करतो. पृष्ठरज्जूतील जखम आणि मेंदूतील अग्र यांची परिस्थिती एक नव्हे. तरीही वण पुसून टाकणे हेच ध्येय मानून चालणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा. दाहाची आग पसरू न देणारी भिंत पाडली, तर लाभ होईलच असे नाही.

या साऱ्या इतिहासातून पदव्युत्तर अभ्यासकाने एक गोष्ट निश्चित उचलावी. धातू, प्रवाह, आकार, कठिणपणा यांपैकी कोणताही आरोपी निर्दोष सुटलेला नाही; पुढच्या संशोधनाने आधीचा निष्कर्ष खोटा ठरविला नाही, तर त्याची मर्यादा आखून दिली. आणि ज्या ज्या वेळी ही मर्यादा स्पष्ट झाली, त्या त्या वेळी तिच्यामागे तोच साधा तुलनाप्रयोग होता: वस्तू आत ठेवून एकदा आणि वस्तू काढून घेऊन एकदा. १९२८, १९५७, २००३ व २००५ या चारही टप्प्यांवर व्रण आणि शल्य यांना वेगळे काढण्याची ही धडपड दिसते. नवा पदार्थ घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रबंधास म्हणून प्रथम हाच प्रश्न विचारावा, की यातील किती परिणाम जखमेचा आणि किती त्या वस्तूच्या राहण्याचा? मेंदूत अग्र वागविणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला जखम एकदाच येते. ती वस्तू मात्र त्याला रोज वागवावी लागते. तिची परीक्षाही त्या रोजच्या राहण्यातच व्हावयास हवी.